रत्नागिरी जिल्हा: माणसे घटली, सातबाऱ्यावरची नावे वाढली

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी, म्हणजे ४.८ टक्के घट. त्याच दशकात महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला. रत्नागिरीत कुठला दुष्काळ पडला नव्हता की साथ आली नव्हती. आधीच्या दशकात, १९९१ ते २००१ मध्ये, हाच जिल्हा ९.९ टक्क्यांनी वाढला होता. जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच होते, त्यामुळे बाहेर गेलेल्यांची खरी संख्या या ८१ हजारांपेक्षा बरीच मोठी आहे.

खेड्यांचा आकडा वेगळा काढला तर चित्र आणखी गंभीर दिसते. जिल्ह्यातला शहरी वाटा २००१ मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास होता, २०११ मध्ये तो १६ च्या वर गेला. त्यातला काही भाग गावांची गणना शहरांत झाल्याचा आहे. तो भाग धरून ग्रामीण लोकसंख्येची घट जिल्ह्याच्या सरासरीच्या दुपटीएवढी येते.

त्या दशकात राज्यात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. पहिल्या दोघांची चर्चा ‘कोकण ओस पडतेय’ म्हणून होते, तिसऱ्याची ‘मुंबई उपनगरांकडे सरकतेय’ म्हणून. आमच्या मते या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. लालबाग-परळची खोली आणि संगमेश्वर-लांज्यातले घर हे एकाच कुटुंबाचे दोन खांब होते, आणि दोन्ही एकाच दशकात हलले. मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला. याच काळात तेव्हाचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. खोली विकून माणूस नालासोपारा, दिवा, बदलापूरला गेला, तेव्हा गावाकडची बायको-मुलेही तिकडेच गेली.

दोन चुलींचे एक घर

जुनी रचना नीट समजून घेतल्याशिवाय आजची पडझड कळत नाही. पुरुष गिरणीत. पाच-सात जण मिळून एक खोली, नाहीतर गावकीची सामाईक खोली, जेवण खानावळीत. बायको, मुले, म्हातारे आईवडील गावात. महिन्याला मनीऑर्डर. गावची शेती पोटापुरते भात द्यायची आणि मुंबईची मनीऑर्डर मीठ-मिरची, कपडालत्ता, औषध आणि कर्जाचा हप्ता भागवायची. दोन्हींपैकी एकावर कुटुंब जगले नसते, म्हणून दोन्ही टिकली.

या रचनेचा ठसा लिंग गुणोत्तरात आहे. २०११ मध्ये रत्नागिरीत ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया होत्या, दर हजारी १,१२२. राज्याचे गुणोत्तर ९२९. हा आकडा अनेकदा जिल्ह्याच्या कौतुकासाठी वापरला जातो, पण त्याचा मुख्य अर्थ एवढाच, की कमावते पुरुष घरी नाहीत. महत्त्वाची गोष्ट त्याच्या उतारात आहे. २००१ मध्ये हेच गुणोत्तर १,१३६ होते. शेजारच्या सिंधुदुर्गात ते १,०७९ वरून १,०३६ वर आले. म्हणजे शेती सांभाळणारी बाईही आता निघाली.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. संप बसल्यावर बरेच जण काही काळ गावी परतले. पण पुढच्या पिढीला जे काम मिळाले ते सुरक्षारक्षकाचे, कुरिअरचे, दुकानातले, रिक्षाचे. त्यात गिरणीसारखी ठरलेली रजा नव्हती, फंड नव्हता, लावणीला पंधरा दिवस गावी जाऊन परत कामावर हजर होण्याची सोय नव्हती. गावच्या लावणीचे वेळापत्रक गिरणीच्या रजेवर बेतलेले होते, हे फारसे कुणी लिहीत नाही. रजा गेली तेव्हा लावणीचे दोन हात गेले. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि गणपतीला, शिमग्याला येणे सोपे झाले. पण सणाला येणे सोपे झाल्यावर वर्षभर राहण्याची गरजही कमी झाली.

सातबारा

या प्रकरणातला सगळ्यात जड दगड जमिनीच्या कागदात आहे. पैसा, पाऊस, बाजार हे सगळे त्यानंतर.

रत्नागिरीत खोती होती, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा खोत आणि त्याच्या हाताखाली जमीन कसणारी कुळे. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा, कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले. ‘कसेल त्याची जमीन’ हे इथल्या हजारो घरांसाठी खरे झाले आणि त्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. पण नोंद करताना बहुतेक ठिकाणी थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले, पुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटे भाऊ मुंबईत. त्यांनाही ते मान्य होते.

पुढे थोरला वारला. त्याच्या पश्चात वारस नोंद करताना त्याचीच मुले सातबाऱ्यावर आली आणि धाकट्या भावांच्या शाखा कागदावरून गायब झाल्या. काही घरांत बहिणींची नावे कधी लागलीच नाहीत. काही घरांत दोन-दोन पिढ्यांच्या वारस नोंदी झाल्याच नाहीत आणि १९७० च्या दशकात वारलेल्या आजोबांचे नाव आजही मालक म्हणून चालू आहे.

उदाहरणाने हिशोब पाहू. १९५७ मध्ये एका कुळाला ८० गुंठे मिळाले: ३० गुंठे भाताचे खाचर, ५० गुंठे वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. चार मुलगे, दोन मुली. प्रत्येकाला सरासरी चार वारस धरले तर आज चोवीस हिस्सेदार, म्हणजे प्रत्येकी सव्वातीन गुंठ्यांच्या आसपास. आता तुकडेबंदीचा नियम बघा: ठरलेल्या किमान क्षेत्राहून, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्राहून, लहान तुकडा पाडता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. सगळे जिरायत धरले तर या जमिनीचे सरस-निरस (चांगली-हलकी जमीन) बघून चारच्या वर भाग पाडता येत नाहीत. चोवीस जणांत चार भाग. म्हणून वाटप होत नाही, नावे मात्र पिढीगणिक वाढत जातात.

त्याचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतात. फळबाग लागवडीचे अनुदान हवे तर बाकीच्या सहहिस्सेदारांचे संमतीपत्र. पीक कर्ज, विहीर, कुंपण यांसाठीही तेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या नारळ-पोफळी आणि आंबा-काजूच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा मदत वाटपात पहिला प्रश्न हाच होता: खात्यावर वीस नावे, रक्कम कुणाच्या बँक खात्यात? गावात राहून झाडे जपणारा एक, सह्या कराव्या लागणारे एकोणीस, त्यांतले काही नालासोपाऱ्याला, काही सुरतेला, दोघांचा पत्ताच नाही.

यात कुळकायद्याची भीतीही मिसळलेली आहे. ज्या कायद्याने आजोबांना जमीन दिली, त्याच कायद्याचा धाक नातवाला आहे: दुसऱ्याला कसायला दिली आणि त्याचे नाव लागले तर? म्हणून मुंबईकर मालक जमीन पडीक ठेवतो, पण शेजाऱ्याला लेखी कराराने देत नाही. तोंडी दिली तरी दरवर्षी माणूस बदलतो. ज्याला पुढच्या वर्षीची खात्री नाही, तो बांध घालत नाही, शेणखत टाकत नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला तो याच गाठीसाठी. वाडीवरच्या माणसाच्या मनातली भीती मात्र जुन्या कायद्याची आहे आणि ती पिढ्यांतून आलेली आहे.

ई-पीक पाहणीने यात भर घातली. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतात उभे राहून मोबाइलवर फोटो काढून करायची आहे. गावात सत्तरीची आई आणि साधा फोन. सिग्नल पऱ्याच्या (ओढ्याच्या) खाली मिळत नाही. नोंद करायची राहून गेली की क्षेत्र कागदावर पड दिसते, आणि सलग पड दिसणाऱ्या जमिनीवर दलालाचे लक्ष आधी जाते.

एक खाचर पडले की

रत्नागिरीचे भात उतारावरच्या लहान खाचरांत होते. राब भाजायचा, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, जूनच्या सुरुवातीला पेरायचे, रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणी. ही खिडकी अरुंद आहे. रोप चाळीस दिवसांचे झाले की फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो, मग खत कितीही घाला. एका हेक्टरची उपटणी आणि लावणी म्हणजे २५ ते ४० मनुष्यदिवस, तेही भर पावसात आणि पंधरा दिवसांच्या आत. पूर्वी हे काम आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबून उरकायचे, कुठे त्याला इर्जिक म्हणतात, कुठे पैरा. या पद्धतीला किमान आठ-दहा धडधाकट घरे लागतात. वाडीत चार घरे उघडी राहिली की ती मोडते, आणि मोडली की उरलेल्या चारांनाही मजूर शोधावे लागतात.

हिशोब ढोबळच मांडू. २० गुंठ्यांत साधारण ६ क्विंटल भात. २०२५-२६ चा हमीभाव साधारण भाताला २,३६९ रुपये, म्हणजे १४,२१४ रुपये. लावणीपासून मळणीपर्यंत सगळे हाताने केले तर पंचवीसएक दिवसांचे काम. रोजगार हमीचा त्या वर्षीचा दर ३१२ रुपये धरला, जो लावणीच्या मजुरीपेक्षा कमीच आहे, तरी मजुरी ७,८०० रुपये. त्यावर पॉवर टिलरची नांगरणी-चिखलणी, बियाणे, खत. घरच्या हातांची मजुरी कुणी धरत नव्हते म्हणून भात परवडत होते. हात गेले आणि मजुरी रोख मोजावी लागली तेव्हा गणित उघडे पडले. त्यात अन्नसुरक्षा कायद्याचे माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. गरीब घराचा तो मोठा आधार आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण भात पिकवण्याचे ‘नाहीतर खाणार काय’ हे जे एक कारण होते, ते उरले नाही.

खाचर पडले की ते एकटे पडत नाही. पहिल्या पावसाळ्यात बांध खेकड्यांनी पोखरून एका जागी फुटतो. वरच्या खाचरातले पाणी तिथून सुटून खालच्या उभ्या भातात गाळ आणते. दुसऱ्या वर्षी गवत कमरेएवढे होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी करवंद, ऐन, किंजळीची झुडपे उभी राहतात आणि रानडुकराला दिवसभर दडायला जागा मिळते. डुक्कर रात्री पडीक खाचरातून निघते आणि शेजारचे पोटरीतले भात लोळवते. माकड-वानर दिवसा. पूर्वी वाडीत पोरे, कुत्री, गुराखी असायचे, आवाज असायचा. आता राखणीलाच माणूस नाही. उरलेला शेतकरी दोन वर्षे नुकसान सोसतो, तिसऱ्या वर्षी त्याचेही खाचर पडते. शेती सोडण्याचा निर्णय घराघरात वेगळा घेतला जातो, पण त्याची किंमत बांधाला बांध लागून असलेला शेजारी मोजतो.

गुरांचेही तसेच. नांगराचा बैल गेला, मग गाय गेली, मग शेणखत गेले. ज्यांच्याकडे चार गुरे उरली तेही भात कापल्यावर ती मोकळी सोडतात, कारण गुराखी नाही. मोकाट गुरांमुळे भातानंतरच्या ओलीवर कुळीथ, पावटा, वाल घेणे जवळपास संपले. हे पीक फुकटचे होते: पाणी नको, खत नको, फक्त राखण हवी.

तंत्रे आहेत, पण प्रत्येकाला हात लागतात. चारसूत्री लावणीत दोरीवर १५-२५ सेंटिमीटर आलटून पालटून अंतर ठेवून चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) चौकोनात एक ब्रिकेट, म्हणजे खताची दाबलेली गोळी, खोचायची, हेक्टरी ६२,५०० गोळ्या, पावणेतीन ग्रॅमची एक, म्हणजे १७० किलोच्या आसपास. खत वाहून जात नाही, उतारा चांगला येतो. पण दोरी धरायला दोघे आणि हळू लावणारे सराईत हात हवेत, आणि तेच नाहीत. लावणी यंत्राला चटईवरची रोपे, सपाट तळ आणि वळायला जागा लागते. तीन गुंठ्यांच्या दगडी बांधाच्या खाचरात त्याचा निम्मा वेळ वळण्यात जातो. नांगरणी-लावणी दोन्ही टाळून गादीवाफ्यावर टोकणी करण्याची पद्धत मनुष्यबळाच्या दृष्टीने सगळ्यात जवळची वाटते. पण तिथे पहिल्या महिन्यातले तण वेळेवर आवरले नाही तर भात हरते.

बाग: पैसा आहे, पण कुणाचा?

१९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड आली आणि वरकस डोंगर आंबा-काजूने भरले. हापूस १० बाय १० मीटरवर, हेक्टरी शंभर. काजू ७ बाय ७ वर, हेक्टरी दोनशे. शेती सोडलेल्या कुटुंबांना ही सोय वाटली: एकदा लावा, वर्षातून दोनदा येऊन बघा. जिल्ह्याच्या अर्थकारणातला हा सगळ्यात मोठा बदल, भातावरून झाडाकडे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आज ती झाडे तीस-पस्तीस वर्षांची आहेत. फांद्या एकमेकींत घुसल्या, आत ऊन नाही, मोहर फक्त शेंड्याला. झाड इतके उंच की झेल्याने काढणारा सराईत गडी लागतो. फुलकिडे आणि तुडतुड्यांवरच्या फवारण्यांना पंप, पाणी आणि वेळेवर हजर माणूस हवा. मुंबईतून हे होत नाही. म्हणून बाग कराराने दिली जाते. जमीन द्यायची भीती असल्याने करार फळांचा होतो, बहुतेकदा एका हंगामाचा, तोंडी. राखणीला नेपाळी कुटुंबे येतात, मांगरात (बागेतल्या खोपटात) राहतात, आणि हंगामापुरती तीच वाडीतली सगळ्यात तरुण माणसे असतात.

एका हंगामाच्या कराराचा दोष झाडाच्या मुळाशी दिसतो. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, झाडाची वाढ रोखून मोहर आणणारे औषध. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या घेराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्ट, बुंध्याभोवती पहारीने घेतलेल्या उथळ भोकांत, पाण्यात मिसळून. आठ मीटर व्यासाच्या झाडाला २४ मिली. बाग घेणाऱ्याचा करार एकाच वर्षाचा असेल तर तो व्यास मोजत नाही, अंदाजाने ओततो, दुप्पटही ओततो. त्या वर्षी मोहर भरघोस येतो. पुढे पालवी आखूड होते, पेरे दाटतात, मोहराचा गुच्छ होतो, झाड थकते. औषध मातीत राहते आणि पुढच्या वर्षीचा करारदार त्यावर पुन्हा ओततो. मालकाला मे महिन्यात दोन पेट्या आणि रोख रक्कम मिळते, झाडाचे झालेले कळत नाही.

त्याऐवजी पाच वर्षांचा लेखी करार केला तर फरक पडतो. त्यात कल्टारची मात्रा, झाडे मोजून आणि व्यासासकट यादी, मधली उभी फांदी काढून ऊन आत घेण्याची छाटणी कोणत्या वर्षी कुणाच्या खर्चाने, शेणखत किती, आणि शेवटच्या वर्षी कल्टार बंद, हे स्पष्ट लिहावे. करार फळांचा आहे, जमिनीचा ताबा मालकाकडेच आहे, हेही लिहावे. आणि त्यावर सही सगळ्या हिस्सेदारांची हवी. इथेच गाडी पुन्हा सातबाऱ्यावर येऊन थांबते.

बंद घर आणि गावचा नळ

कौलारू घर बंद ठेवून टिकत नाही. मेमध्ये कौले चाळावी लागतात: सरकलेले सारखे करायचे, फुटलेले बदलायचे, पन्हळीतला पाला काढायचा. एक वर्ष चुकले तर एका कौलाच्या फटीतून पाणी वाशावर येते. वासा कुजतो, वाळवी चढते, मातीची भिंत खालून ओली होऊन फुगते. चार-पाच पावसाळ्यांत पडवी बसते. चुलीचा धूर घराला वाळवत होता, लाकूड काळे आणि टणक ठेवत होता. धूर थांबला की कीड लागते. कौले चाळणारा माणूस मिळत नाही म्हणून लोक पत्रा घालतात, आणि ते समजण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीचे ओझे कमी दिसते, पण ते जास्त बोचते. पाणी योजनेचे उदाहरण घ्या. वाडीत शंभर नळजोडण्या, त्यांतली चाळीस घरे बंद. वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, दुरुस्ती मिळून महिन्याला ३० हजार धरले तर शंभर घरांत ३०० रुपये पडतात, साठांत ५००. बंद घराचा मालक म्हणतो, मी पाणी वापरत नाही. पण योजना त्याच्या येण्याच्या दिवसांसाठीच मोठी करावी लागते. साठ घरांत तिघे-तिघे, माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज ९,९०० लिटर. गणपतीत शंभर घरांत आठ-आठ माणसे आली की ४४,००० लिटर. गणपतीत निदान विहीर भरलेली असते, पंप आणि टाकी पुरली की झाले. मे महिन्यात पाहुणे आणि तळाला गेलेली विहीर एकाच वेळी येतात. यावर उपाय एकच: जोडणीमागे वर्षाचा स्थिर आकार सगळ्यांना, बंद घरांनाही, आणि त्यावर वापराचा वेगळा. हा ठराव गावकऱ्यांच्या मुंबई मंडळासमोर मांडून घ्यावा. त्यांनी देऊळ आणि सभामंडपासाठी लाखो रुपये जमवले आहेत. देवळाइतकेच नळालाही आपले मानले तर हा खर्च त्यांना जड नाही.

वित्त आयोगाच्या निधीचे वाटप मुख्यतः लोकसंख्येवर चालते. माणसे घटली की निधी घटतो. रस्ता, दिव्याचे खांब, पाखाडी यांची लांबी मात्र तेवढीच राहते. ग्रामसभेला गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते. निम्मे मतदार मुंबईत असल्याने सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा-पंधरा जण गावचा आराखडा ठरवतात. शाळेचा पट खाली आला की आधी एक शिक्षक जातो, मग मुले शेजारच्या गावात, आणि लहान मुले असलेले शेवटचे तरुण कुटुंबही तालुक्याला खोली घेते.

कामाचा क्रम

अशा गावात योजना आणताना बहुतेक जण यंत्र, रोपे, प्रक्रिया केंद्र यांनी सुरुवात करतात. आमचा आग्रह उलटा आहे: आधी कागद, मग राखण, मग पीक.

कागदाच्या कामाला हंगाम आहे, आणि तो गणपतीचा. सगळे हिस्सेदार गावात असण्याचे तेच आठ दिवस. त्यामुळे तयारी जूनपासून हवी. घराण्याचा ८-अ खाते उतारा (खात्यावरच्या सगळ्या जमिनींची यादी), प्रत्येक गटाचा सातबारा आणि जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढायचे, अगदी कूळ म्हणून नाव लागले तिथपर्यंत. वंशावळ लिहायची, त्यात मुली आणि त्यांची मुले धरून. मृत्यूचे दाखले जमवायचे. जुने मृत्यू नोंदलेले नसतात, तिथे दाखल्यासाठी वेगळी परवानगी लागते, त्याला महिने जातात, म्हणून ते सगळ्यात आधी. मग वारस नोंदीचा अर्ज, वारस नोंदवहीत नोंद, फेरफार, नोटीस, हरकतीची मुदत, मंडळ अधिकाऱ्यांचे प्रमाणीकरण. ‘ए.कु.मॅ.’ शेरा असेल तर तो कमी करून सर्व शाखा आणण्याचा अर्ज यासोबतच द्यावा.

नावे बरोबर झाली की वाटप. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. बऱ्याच घरांत तोंडी वाटप आधीच झालेले असते, ताबा वेगळा असतो. कागद त्या ताब्यामागे न्यावा, नवे भांडण काढू नये. नेहमीची चूक अशी, की वाटप फक्त आण्या-पैच्या हिश्शाने होते आणि पोटहिस्सा मोजणी राहते. नकाशावर रेघ नसेल तर ‘माझे दहा गुंठे’ नक्की कुठले हे कुणालाच सांगता येत नाही. मोजणी आणि आकारफोड (प्रत्येक हिश्शाचे क्षेत्र आणि सारा वेगळा करणे) झाल्याशिवाय वाटप पूर्ण समजू नये. कूळ म्हणून मिळालेल्या जमिनीवर कुळकायद्याच्या कलम ४३ चा, म्हणजे हस्तांतरावरच्या बंधनाचा, शेरा असतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षे होऊन गेली असतील तर जमिनीच्या आकाराच्या (साऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून हस्तांतराची वाट मोकळी होते. रक्कम किरकोळ असते, पण माहीत नसल्याने लोक अडून बसतात.

बहिणींच्या हक्कसोडपत्राबाबत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. गणपतीच्या गडबडीत आरतीनंतर पुढे ठेवलेला कागद ही संमती नव्हे. तिला हिश्शाचे क्षेत्र आणि किंमत कळली पाहिजे, विचाराला वेळ मिळाला पाहिजे. कायद्याने तो नोंदणीकृत दस्त लागतो. घाईत घेतलेली सही पुढे दिवाणी दावा होऊन परत येते, आणि दावा चालू असेपर्यंत सगळी जमीन पडीक राहते.

राखणीचे काम वाडीने एकत्र करायचे. सुटे सुटे कुंपण परवडत नाही आणि टिकत नाही. दहा खातेदारांची सलग पंधरा-वीस एकर खाचरे निवडावीत, बाहेरून एकच सौर कुंपण, आतले पडीक तुकडे वर्षातून दोनदा ग्रास कटरने साफ, ऑगस्टच्या अखेरीस आणि भात कापल्यावर. कुंपणाच्या तारेखालचे गवत वाढले की वीज जमिनीत उतरते आणि डुक्कर आत येते. बहुतेक कुंपणे निकामी होण्याचे कारण एवढेच असते. गवत कापणाऱ्याची मजुरी पहिल्या दिवशी ठरवली नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यात कुंपण बंद पडते. उन्हाळ्यात गुरांसाठी एक पगारी गुराखी ठेवला तर त्याच क्षेत्रात कुळीथ-पावटा परत घेता येतो.

पीक शेवटी. किती क्षेत्र भाताखाली ठेवायचे हे हातांवरून ठरवावे: गावात वर्षभर राहणारे, साठीच्या आतले जण किती, ते पंधरा दिवसांत किती लावतील. उरलेले पडू न देता झाडाखाली न्यावे आणि वर सांगितलेल्या लेखी कराराने सांभाळायला द्यावे.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. २०११ प्रमाणेच ही गणनाही फेब्रुवारीत होईल, शिमग्याच्या आधी, चाकरमानी मुंबईत असताना. रत्नागिरीचा एकूण आकडा घटेल की थोडा वाढेल, त्याकडे सगळ्यांचे लक्ष असेल. आमचे लक्ष दुसऱ्या दोन रकान्यांवर असेल: गावनिहाय दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती उरल्या, आणि घरयादीत किती घरे रिकामी नोंदली गेली. ग्रामपंचायतीने तोवर स्वतःची वाडीवार यादी करून ठेवावी, एका वहीत तीन रकाने पुरतात: घर उघडे की बंद, सातबाऱ्यावर किती नावे, आणि त्यांतला गावात राहणारा कोण.